प्राणी-पात्रे काढायला शिकणाऱ्यांसाठी ‘क्रिटा’ : एका कलाशिक्षकाचा अभिप्राय

माणसासारखे दोन पायांवर उभे राहणारे, अंगात सदरा आणि डोक्यावर टोपी घालणारे, मनातला राग-लोभ चेहऱ्यावर दाखवणारे प्राणी काढण्याचे वेड गेल्या काही वर्षांत आमच्या जळगाव-भुसावळकडच्या मुलांतही चांगलेच रुजले आहे. शासकीय रेखाकला परीक्षेच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांच्या वहीची मागची पाने उघडली, की तिथे पोलिसाच्या गणवेशातला लांडगा नाही तर चष्मा लावलेली मांजर हमखास भेटते. या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा नेहमीचा प्रश्न असा, की संगणकावर चित्र काढायचे तर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे. माझे उत्तर ‘क्रिटा’ हे आहे; ते का, आणि कोणत्या बाबतीत त्याच्यावर विसंबून राहू नये, हे येथे सविस्तर मांडतो.

क्रिटा हे चित्र रंगवण्यासाठीच बनवलेले सॉफ्टवेअर आहे. फोटो दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रकलेची सोय जशी कोपऱ्यात बसवलेली असते, तसे येथे वाटत नाही. केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या समूहातून ते वाढले, जीपीएल परवान्याखाली ते सर्वांसाठी खुले आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. गंमत अशी, की त्याचे मानचिन्ह म्हणून मिरवणारी ‘किकी’ ही स्वतःच मनुष्यरूपातली खार आहे. टायसन टॅन या चिनी चित्रकाराने ती घडवली आणि सॉफ्टवेअर उघडताना दिसणाऱ्या स्वागतचित्रांतही ती वेळोवेळी झळकली आहे. प्राणी-पात्रे काढणाऱ्या नवशिक्याने तिची चित्रे नुसती बघून सोडू नयेत. कान, शेपूट असे खारपण राखून तिला माणसाचे रूप कसे दिले आहे, हे नीट न्याहाळावे. प्राणी किती आणि माणूस किती, हे प्रमाण प्रत्येक पात्रापुरते आधी ठरवावे लागते, आणि बहुतेक नवशिकी मुले नेमकी तीच गोष्ट ठरवत नाहीत.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला आपल्या अहिराणीत सरळ विचारले होते, “सर, हाई फुकट शे, मंग यामा खोट काय शे?” शंका रास्त आहे. क्रिटा त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरसारख्या ऑनलाइन दुकानांत मात्र ते पैसे देऊन मिळते. दोन्हीकडचे सॉफ्टवेअर एकच आहे, आणि दुकानातून येणारा पैसा पुढच्या विकासकामाला जातो. फुकटच्या आवृत्तीत चित्रावर शिक्का उमटत नाही, ठरावीक दिवसांनी कुलूप लागत नाही, आणि काढलेले चित्र विकायलाही आडकाठी नाही. खोट शोधायचीच तर ती पैशांत सापडणार नाही, शिकण्याला लागणाऱ्या वेळात सापडेल. पहिल्या दिवशी पडद्यावर इतकी बटणे आणि इतक्या खिडक्या दिसतात, की मूल बावरते.

साधनांची बाब थोडक्यात उरकतो. साधा लॅपटॉप किंवा घरचा संगणक आणि पडदा नसलेले लहान आकाराचे पेन-टॅब्लेट (संगणकाला जोडून खास पेनने रेघा काढायची पाटी) एवढे पुरते. माऊसने चित्र काढण्याचा अट्टहास करू नये, कारण दाब कमी-जास्त करून रेघ बारीक-जाड करणे हा या सॉफ्टवेअरचा निम्मा जीव आहे आणि तो माऊसला कळत नाही. अँड्रॉइडसाठीची आवृत्ती टॅब व क्रोमबुकसाठी आहे आणि मोबाइलच्या लहान पडद्याचा विचार करून ती बनवलेली नाही. त्यामुळे ‘मोबाइलवर चालेल का’ या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच समजावे. विंडोजवर पेनचा दाब ओळखला जात नसेल, तर टॅब्लेट बिघडले असे मानून दुकानाकडे धाव घेण्याआधी क्रिटाच्या सेटिंगमधील टॅब्लेटच्या पानावर जाऊन ‘विनटॅब’ आणि ‘विंडोज इंक’ या दोन पर्यायांची अदलाबदल करून पाहावी आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे. पुष्कळदा दुखणे तिथेच असते.

आता मुख्य मुद्दा. प्राणी-पात्र बिघडते ते बहुधा तीन जागी: मागच्या पायांत, थोबाडाच्या ठेवणीत आणि डोके धडाला जोडते तिथे. या तिन्ही जागी क्रिटाची वेगवेगळी सोय कामी येते, म्हणून त्या क्रमाने सांगतो.

मागच्या पायांची गोष्ट अशी, की कुत्रा, कोल्हा किंवा मांजर यांच्या मागच्या पायात जो सांधा उलटा वळलेला दिसतो, त्याला मुले गुडघा समजतात. तो गुडघा नसून टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे वळतो. हे प्राणी बोटांवर चालतात आणि टाच कायम अधांतरी ठेवतात. बैल, शेळी आणि घोडा तर त्याहून पुढे जाऊन नखांवर चालतात: बैलाचे दोन भागांचे खूर म्हणजे दोन बोटांची नखे, आणि घोड्याचा खूर म्हणजे एकाच बोटाचे. घोड्याच्या पुढच्या पायाला ज्याला लोक गुडघा म्हणतात ते खरे तर मनगट असते. अस्वल मात्र आपल्यासारखे पूर्ण तळवा टेकून चालते, आणि म्हणूनच दोन पायांवर उभे केलेले अस्वल नवशिक्याला सर्वांत लवकर जमते.

हे एकदा कळले, की लेअरचा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांचा, खरा उपयोग सुरू होतो. समजा, धोतर नेसून केळीच्या बागेत राखण करणारा कोल्हा काढायचा आहे. क्रिटामध्ये तळाच्या लेअरवर निळ्या रंगाने फक्त हाडांचा सांगाडा काढावा: कण्याची एक वक्र रेघ, कंबरेचा आडवा दांडा, तिथून मांडी पुढे, नडगी मागे, टाचेपासून तळवा पुन्हा पुढे, आणि शेवटी टेकलेली बोटे. मग त्या लेअरची अपारदर्शकता कमी करून, वर नवा लेअर घेऊन, प्रत्येक हाडाभोवती मांसाचा गोळा बसवावा. मांडी जाड, टाचेखालचा भाग काटकुळा. तोही लेअर पुसट करून तिसऱ्यावर अंतिम रेषा आणि धोतराच्या चुण्या काढाव्यात. धोतराआड पाय झाकला जाणार असला तरी खालचे दोन लेअर टाळू नयेत, कारण चुण्या कुठे ताणल्या जातात आणि कुठे लोंबतात हे आतला गुडघा ठरवतो. चित्र उभे राहिल्यावर डोक्यापासून जमिनीपर्यंत एक सरळ रेघ टाकून पाहावी. ती टेकलेल्या बोटांच्या आसपास उतरली नाही, तर कोल्हा पडतो आहे असे समजावे. मग फक्त सांगाड्याचा लेअर दाखवून तो दुरुस्त करता येतो. कागदावर हे करायचे तर पातळ कागद आणि काचेखाली दिवा लागतो, आणि खाडाखोडीने कागदाचे जे होते ते सर्वांना ठाऊक आहे.

थोबाडाची ठेवण ही दुसरी अडचण. प्राण्याचे थोबाड समोरून सपाट काढले तर ते चेहऱ्यावर चिकटवलेल्या मुखवट्यासारखे दिसते. शासकीय रेखाकला परीक्षेतल्या एलिमेंटरीच्या वस्तुचित्रासाठी मुले बादली आणि तांब्या घोटून घोटून काढतात. त्याच बादलीचा तिरपा कोन म्हणजे कुत्र्याचे थोबाड, आणि तिच्या तोंडाची लंबवर्तुळे म्हणजे नाकपुडीपर्यंत जाणारे गोलावे. हे नाते मुलांच्या ध्यानात आणून दिले की परीक्षेचा सराव त्यांना फुकट गेला असे वाटत नाही. क्रिटामध्ये लंबवर्तुळासाठी आणि यथार्थदर्शनासाठी सहायक रेषांची सोय आहे. ब्रशच्या पर्यायांत तसे चालू केले, की ब्रश त्या रेषेला धरून चालतो. सुरुवातीला तिचा आधार घ्यावा, नंतर सोडावा.

मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय मात्र अगदी साधी आहे. की-बोर्डवरील ‘एम’ दाबले, की सगळा कॅनव्हास आरशात पाहिल्यासारखा उलटतो; चित्र बदलत नाही, फक्त दिसणे बदलते. आपल्या डोळ्यांना आपल्याच चुकांची सवय झालेली असते आणि ती सवय एका क्षणात मोडते. पाऊण बाजूने काढलेल्या चेहऱ्यात पलीकडचा डोळा वर गेला आहे, जबडा एका बाजूला घसरला आहे, एक कान कवटीला न लागता हवेत तरंगतो आहे, हे सारे लख्ख दिसते. उलटवण्याची ही सवय दर थोड्या वेळाने लावून घेणारी मुले महिन्या-दोन महिन्यांत ज्या वेगाने सुधारतात, तो वेग मी ब्रशच्या कोणत्याही प्रकाराने आलेला पाहिलेला नाही. चूक दिसल्यावर सगळे पुसण्याचीही गरज नाही. तेवढा भाग निवडून ट्रान्स्फॉर्मच्या हत्यारातील ‘लिक्विफाय’ या प्रकाराने जबडा किंचित सरकवता येतो. फक्त ही मलमपट्टी आहे हे विसरू नये, आणि पुढचे चित्र पहिल्यापासून नीट काढावे.

संदर्भचित्रांच्या सोयीबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण खानदेशात राहणाऱ्याला त्याबाबत मोठी अनुकूलता आहे. क्रिटामध्ये कॅनव्हासच्या कडेला आपले फोटो लावून ठेवता येतात, लहान-मोठे करता येतात आणि चित्राच्या फाइलीतच जपून ठेवता येतात. बहुतेक मुले तिथे इंटरनेटवरची दुसऱ्याची प्राणी-पात्रे लावतात, आणि मग त्या चित्रकाराच्या चुकाही इमानदारीने उतरवतात. त्याऐवजी खऱ्या जनावरांचे फोटो लावावेत. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे एका सकाळी घोड्याची मान, खूर आणि टाच सर्व बाजूंनी जितकी पाहायला मिळते तितकी एखाद्या पुस्तकातही मिळणार नाही. पोळ्याला बैल धुऊन-सजवून दारात उभे असतात, त्यांचे वशिंड आणि शिंगाखालून निघणारे आडवे कान टिपून ठेवावेत. सातपुड्याकडच्या गावांत वानरे असतातच. त्यांची शेपटी अंगापेक्षा लांब असते, आणि दोन पायांवरच्या पात्राला ती तोल द्यायला फार उपयोगी पडते.

जवळून पाहिल्याने काय मिळते याचे एक उदाहरण देतो. शेळीची बाहुली आडवी, चौकोनी फटीसारखी असते; मांजराची आणि कोल्ह्याची उभी; कुत्र्याची गोल. शेळी आणि गाय-बैल यांना वरच्या जबड्यात समोरचे दात नसतातच, तिथे फक्त कठीण हिरडी असते. म्हणजे हसणाऱ्या शेळीच्या तोंडात वर-खाली दातांची पांढरी माळ काढली, तर आपण तिला माणसाचे तोंड दिले. असे देणे चूक नाही, पात्र माणसाळवायचेच असते. पण ते ठरवून केलेले असावे. माझ्या एका विद्यार्थिनीने म्हाताऱ्या शेळीचे पात्र काढताना फक्त खालचे दात दाखवले, वर हिरडी ठेवली, आणि त्या एका तपशिलाने ती शेळी बोळकी, मिश्कील आजी वाटू लागली.

डोके आणि धड यांचा जोड ही तिसरी जागा, आणि तिथे सॉफ्टवेअरची मदत थोडीच होते. प्राण्याची मान कवटीच्या मागून निघते, माणसाची खालून. त्यामुळे घोड्याचे डोके माणसाच्या खांद्यावर सरळ ठेवले, की ते खुंटीला टांगल्यासारखे दिसते. या अडचणीवरचा तोडगा आपल्या घरोघरी आहे. गणपतीच्या मूर्तीत हत्तीचे रुंद कान आणि गळ्यातले दागिने हा जोड जवळजवळ पूर्ण झाकून टाकतात, सोंड छातीवर उतरून डोके आणि पोट एकत्र बांधते, आणि म्हणूनच ती आकृती कुणालाही विजोड वाटत नाही. आयाळ, उपरणे, सदऱ्याची उभी कॉलर, मफलर यांनी हेच साधता येते. पेणच्या असो वा आपल्या गावच्या, मूर्तिकाराच्या कारखान्यात उभे राहून हा जोड बाजूने पाहावा आणि घरी येऊन क्रिटामध्ये दोन-तीन प्रकारांनी काढून पाहावा. प्रत्येक प्रकार वेगळ्या लेअरवर, म्हणजे तुलना एका टिचकीत होते.

रेषेबद्दल. नवशिक्याची रेघ पडद्यावर थरथरते, त्यावर क्रिटामध्ये ‘स्टॅबिलायझर’ आहे. तो चालू केला की रेघ हाताच्या किंचित मागून, गुळगुळीत होऊन येते. शेपटी, मिशा आणि कानाची कड यांसाठी तो उत्तम आहे. कच्च्या रेखाटनासाठी मात्र तो बंद ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. मनगटाऐवजी खांद्यातून हात फिरवायची सवय लागायला हवी, आणि स्टॅबिलायझर कायम चालू असला की ती लागत नाही. ब्रशच्या बाबतीतही संयम हवा. शंभराहून अधिक ब्रश आयतेच मिळतात आणि मुले चित्र सोडून ब्रश चाळत बसतात. ‘पेन्सिल-२’ आणि एक साधा गोल ब्रश एवढ्यावर पहिले वर्ष निघते. उजवी टिचकी दिली की आवडते ब्रश आणि रंगाचे चक्र पेनच्या टोकाशी उघडते, ते एकदा लावून घेतले की बाकीच्या खिडक्या बंद करता येतात. केसांच्या ब्रशचा मोह विशेष टाळावा. लोकर किंवा केस म्हणजे प्रत्येक केस काढणे नसते. गालाखाली, कोपरामागे आणि शेपटीच्या टोकाला, जिथे केसांची दिशा बदलते, तिथे चार-दोन झुपके दाखवले की पुरे.

रंग भरण्यासाठी ‘कलराइझ मास्क’ नावाची सोय आहे. प्रत्येक भागात रंगाचा एक ठिपका-रेघ द्यायची, आणि सॉफ्टवेअर बाह्यरेषा पाहून उरलेला भाग भरते. रेषेत लहान फट राहिली असली तरी ती बऱ्यापैकी सांभाळली जाते. ठिपक्या-पट्ट्यांच्या प्राण्यांना ती फारशी उपयोगाची नाही, तिथे हातानेच रंगवावे. चित्र छापायचे असेल तर सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या, रंगपद्धतीत काम करता येते, हे फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा मिळत नाही. ए-४ आकारासाठी ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचा कॅनव्हास घ्यावा, म्हणजे छपाईवाला ‘चित्र फाटते’ अशी तक्रार करत नाही. चित्रांच्या हालचालीची, म्हणजे ॲनिमेशनचीही सोय २०१६ पासून त्यात आहे. शेपटी हलवणे आणि कान टवकारणे यासाठी ती पुरेशी आहे, पण पहिल्या वर्षात तिकडे वळू नये.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर मोठा कॅनव्हास आणि जाड ब्रश एकत्र आले की रेघ हातामागे रेंगाळते. अशा वेळी कच्चे काम लहान कॅनव्हासवर करावे. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. क्रिटा अधूनमधून आपोआप प्रत जपते आणि पुन्हा उघडल्यावर ती परत आणायची का असे विचारते, तरी घरच्या संगणकाला बॅटरीचा आधार नसेल तर मुलांनी सेव्ह करण्याची सवय स्वतःच लावून घ्यावी. संवादाचे फुगे मी मुलांना हातानेच लिहायला सांगतो. अक्षरलेखनाचा सराव होतो आणि अक्षरे पात्राच्या स्वभावाशी जुळतात.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र अशी, की पडद्यावर हवे तेवढे मोठे करून पाहता येते आणि हवे तेवढे मागे जाता येते. त्यामुळे मुले एकाच डोळ्याच्या पापणीत तासभर रमतात आणि पात्र उभे कसे आहे ते पाहायचे राहून जाते. म्हणून मी आठवड्यातले अर्धे काम कागदावरच घेतो: एचबी आणि २बी पेन्सिल, साधी वही, आणि समोर बांधलेली शेळी किंवा दारातला कुत्रा. जनावर हलते, त्यामुळे रेघ लवकर आणि नेमकी टाकावी लागते; खोडायला वेळच मिळत नाही. वहीतल्या त्या रेखाटनांचा मोबाइलने फोटो काढून तो क्रिटामध्ये संदर्भ म्हणून लावला, की पात्राची बैठक आपल्या पाहण्यातून येते.

ज्यांच्या घरी संगणक आहे, त्यांनी पैसे देऊन दुसरे काही घेण्याआधी क्रिटा वर्षभर वापरावे. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्यांनी संगणक घेण्याची घाई न करता वही-पेन्सिलीवरच थांबावे, त्यांचे काही अडत नाही. सॉफ्टवेअर घेताना ते क्रिटाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे, कुणाच्या पेन ड्राइव्हवरून आलेली जुनी आवृत्ती बसवू नये, आणि ठीक जमते आहे असे वाटल्यावर ऐपतीप्रमाणे क्रिटा बनवणाऱ्यांना देणगी द्यावी.